केबोला यंदा काहीही झालेलं नाही

फरशीवरचा तो ठिपका चिंचोक्याएवढा होता. रंग फिकट हिरवा. रोज सकाळी तो एकाच जागी पडलेला असायचा, माझ्या पुढच्या डाव्या चाकापासून वीतभर आत. लिंतांगने पहिल्या दिवशी त्याच्याभोवती खडूने गोल काढला आणि शेजारी तारीख घातली. दुसऱ्या दिवशी ठिपका गोलाच्या आतच राहिला. तिसऱ्या दिवशी तो रेषेला टेकला. चौथ्या दिवशी लिंतांग गुडघ्यांवर बसली, विजेरीच्या उजेडात माझं पोट खालून नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "वरच्या नळीचा जोड सैल आहे. फक्त जोड. याला आजारपण म्हणत नाहीत."

मित्रांनो, ते आजारपण माझं बरं का. मी एक जुनी, चौकोनी, सात माणसांची मोटार आहे. जकार्ताच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला, त्याला आता तीस वर्षं होतील. पत्रे पाटासारखे सपाट, तोंड रुंद, चाल संथ. पर्योतोंनी मला बेकासीच्या या गल्लीत आणलं तेव्हा त्यांची लेक लिंतांग दोन वर्षांची होती. मला पाहताच ती "केबो! केबो!" म्हणून नाचायला लागली. केबो म्हणजे म्हैस. कारखान्यात मिळालेलं नाव त्या दिवसापासून कागदावरच राहिलं.

माझी कामाची वर्षं आनंदात गेली. पर्योतो छापखान्यात होते. आठवडाभर मी त्यांची असे आणि रविवारी साऱ्या गल्लीची. तीन नवऱ्यामुली माझ्यातून लग्नाला गेल्या. शेजारच्या बाईंना बाळंतपणाला नेत होतो, तर बाळाने दवाखान्याची वाटच पाहिली नाही. ते बाळ आता मिशा राखून फिरतं आणि जाता-येता माझ्या बॉनेटवर थाप मारतं. एकदा चाळीस दुरियान फळं नेली. त्यांचा वास माझ्या आसनांतून जायला तीन आठवडे लागले, आणि पर्योतोंच्या सदऱ्यातून जायला त्याहून जास्त, असं त्यांच्या पत्नी वारसिती अजून सांगतात.

पण माझं खरं काम वर्षातून एकदाच असे. रोजे संपत आले की सगळं शहर गावाकडे निघतं. ईदला आपल्या घरी पोचायचंच. या जाण्याला इथे मुदिक म्हणतात. आमचं गाव वोनोगिरीच्या चुनखडीच्या डोंगरात, बेकासीपासून साडेपाचशे किलोमीटरवर. बावीस वर्षं मी ही वाट एकदाही चुकवली नाही. त्यानंतर मात्र सहा वर्षं गावचं तोंड पाहिलं नाही.

त्याचं कारण सांगायला हवं. शहरात गेलेल्या आमच्या माणसांची एक खोड आहे. गावी जाताना गाडी चमकली पाहिजे आणि टपावर छातीइतकं सामान पाहिजे. गाव तेवढंच बघतं ना! त्या वर्षी पर्योतोंनी मला तीन दिवस मेण घासलं, आसनांना नव्या खोळी घातल्या, चकचकीत भोंगा बसवला. आतली पाण्याची नळी फुगली होती. ती त्यांनी पाहिली होती. "ती कुणाला दिसतेय?" म्हणाले आणि बॉनेट लावून टाकलं.

शेवटच्या चढावर, घर दोनशे पावलांवर असताना, ती नळी फुटली. अंगणात मी आले ती वाफेच्या ढगात, वीस माणसांनी ढकलत. पर्योतोंचे थोरले भाऊ तुकिरान सगळ्या पाहुण्यांसमोर खदखदून हसले. "पर्योतो, ही केबो विक आणि खरी केबो घे. ती निदान चढ तरी चढते!"

अंगण हसलं. खरं सांगते, माझ्यात पाणी शिल्लक असतं तर मीही हसले असते. पण पर्योतो अठरा तास गाडी चालवून आले होते. ते तडकले. "माझी गाडी थांबली, पण कुठून तरी येऊन थांबली. तू जन्मभर याच दगडांत रुतून बसलायस!"

मग कुणीच हसलं नाही. बाराव्या वर्षी शाळा सोडून नांगर धरला होता तो तुकिराननी, धाकट्याला पुढे शिकता यावं म्हणून. हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पर्योतोंना सगळ्यांत जास्त.

ईदला धाकट्याने थोरल्यापुढे बसायचं, त्याच्या गुडघ्यांवर डोकं टेकायचं आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची, अशी आमची रीत. थोरल्याने आधी येणं या रीतीत बसत नाही. त्या ईदला पर्योतो भावापुढे बसलेच नाहीत. नळी बदलली आणि आम्ही परत फिरलो.

पुढची दोन वर्षं साथीत गेली. कुणीच कुठे जात नव्हतं, त्यामुळे काही सांगावं लागलं नाही. त्यानंतर मात्र माझे आजार सुरू झाले. ईदच्या आधी त्यांच्या आईचा, म्हणजे सिंबोकचा, फोन यायचा. म्हातारी कुणाला दोष द्यायची नाही. एवढंच विचारायची, "केबोची तब्येत कशी आहे रे?"

"ब्रेक गेलेत, सिंबोक."

पुढच्या वर्षी टायर. त्याच्या पुढच्या वर्षी पाणी गळतं. मित्रांनो, मी तिथेच उभी असायची. ब्रेक ठणठणीत, टायर चांगले. पर्योतो फोन ठेवून बाहेर यायचे, फडकं घ्यायचे आणि माझ्या नजरेला नजर न देता माझे दिवे पुसत बसायचे. दिवे तर इतके पुसले गेले की गल्लीतल्या बायका त्यांत पाहून केस सारखे करत.

यंदा सिंबोक सत्त्याऐंशीची झाली. यंदाही फोन आला, पण तो लिंतांगने घेतला. तिकडून आवाज आला, "पोरी, केबोला बरं नसेल तर तिला त्रास देऊ नका. मीच येते. बस वोनोगिरीच्या अड्ड्यावरून सुटते म्हणे."

लिंतांग पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कमी बोलते आणि मोजल्याशिवाय काही मानत नाही. तिने फोन ठेवला, खडू घेतला आणि माझ्यापाशी आली. तो ठिपका, ते गोल, सगळं तिथून सुरू झालं. भिंतीवर तिने सतरा ओळींची यादी लिहिली. नळ्या, पट्टा, ब्रेक, तेल, टायरमधली हवा, दिवे. वडिलांना बोट ठेवायला एकही जागा सोडायची नव्हती तिला.

गल्लीच्या तोंडाशी रोजालीचं गॅरेज आहे. तो आला, बॉनेट उघडलं आणि त्याने मला बघून सलामच केला. "काय म्हणता केबोबाई? सहा वर्षं आजारी, आणि अंगावर एक सुरकुती नाही!"

"पाणी गळतंय तिचं," पर्योतो ओट्यावरून म्हणाले.

"पाक, या वयात तुमचं-माझंही गळतं. म्हणून कुणी ईद बुडवतं का?" रोजाली म्हणाला. पाक ही इथे वडीलधाऱ्यांना मानाची हाक.

"रोजा आहे माझा, म्हणून ऐकून घेतोय."

"माझाही आहे, म्हणून एवढंच बोलतोय!"

नळ्या सगळ्या बदलल्या. पंख्याचा पट्टा बदलला. ब्रेक उघडून, घासून, पुन्हा बसवले. जुनं तेल काकवीसारखं काळं निघालं आणि नवं मधासारखं आत गेलं. एवढं हलकं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. पर्योतो आधी ओट्यावर होते, मग पायरीवर आले. तिसऱ्या दिवशी हातात पाना घेऊन चाकापाशी बसले होते आणि शीळ घालत होते. लक्षात आल्यावर थांबले.

"मागचा दिवा?" त्यांनी विचारलं.

"लागतो," लिंतांग म्हणाली.

"वायपर?"

"नवे."

"चढावर तापली तर?"

"बघू या."

बेकासी म्हणजे तळहातासारखी सपाट. चढ आणायचा कुठून? लिंतांगने मागे पाण्याचे वीस कॅन भरले, रोजालीला चालवायला बसवलं आणि मला रेल्वेवरच्या उड्डाणपुलावर नेलं. पाच वेळा चढले, पाच वेळा उतरले. दर वेळी ती शेजारून तापमानाच्या काट्याकडे बघून वहीत खूण करत होती. पाचही वेळा काटा मधोमध. पाचव्यांदा वर पोचल्यावर मी एकदा मोठ्याने भोंगा वाजवला. म्हणजे रोजालीने वाजवला, पण माझ्या मनातलं ओळखून.

मग सामानाची पाळी. टपावर काहीही ठेवायचं नाही, आणि आत काय ठेवायचं ते तोलून, असं लिंतांगने जाहीर केलं. बाजारातला मोठा काटा तिने दारात टांगला. इथे खरी लढाई झाली.

"बिस्किटांचे डबे अकरा? आई, गावात दुकानं नाहीत का?"

"दुकानातून घेतलं तर ते शहरातनं आणलं असं कसं म्हणायचं?" वारसिती कमरेवर हात ठेवून उभ्या.

"पाच डबे."

"नऊ. आणि सिंबोकची गादी."

"गादी हवी. डबे सहा."

"तुझ्या बापाला इथे ठेवून जाऊ. तो सत्तर किलोचा आहे. त्यात किती डबे बसतील मोज!"

पर्योतोसुद्धा हसले. सहा वर्षांत त्यांना ईदच्या आधी हसताना मी पाहिलं नव्हतं. डबे सात ठरले. आठवा वारसितींनी गादीच्या गुंडाळीत सरकवला. मला वजन कळतं, मित्रांनो, पण मी चहाडी केली नाही.

एवढं झाल्यावर भिंतीवरच्या सतराही ओळींपुढे खुणा झाल्या. तरी 'आपण जातोय' असं पर्योतो म्हणाले नव्हते. ते म्हणत, 'गाडी तयार असलेली बरी.' म्हणत, 'पाहू.' आणि त्यांनी म्हटल्याशिवाय जाणं झालंच नसतं. गेल्या वर्षीही डबे भरले होते. ते शेवटी शेजाऱ्यांनी खाल्ले.

निघायची सकाळ उजाडली. पहाटेची न्याहरी आणि नमाज आटोपून वारसिती मागे गादीला टेकून बसल्या. लिंतांग पुढे. गल्ली निरोपाला जमलेली. पर्योतो चालकाच्या जागी बसले. दोन्ही हात चाकावर. एक मिनिट गेलं. दोन गेली. घामाने चाक ओलं झालेलं मला कळत होतं.

"थांबा," ते म्हणाले. "आवाज येतोय."

रोजाली पुढे आला. त्याने बॉनेटला कान लावला. डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं.

"कसा आवाज, पाक?"

"खडखड. इंजिनातून."

"पाक," रोजाली अगदी मायेने म्हणाला, "किल्ली अजून तुमच्या खिशात आहे."

आधी वारसिती हसल्या. मग माझ्यात जन्मलेला तो मिशीवाला, मग सगळी गल्ली. पर्योतोंनी खिसा चाचपला आणि तेही हसायला लागले. हसता हसता त्यांचं कपाळ चाकावर टेकलं, आणि ते बराच वेळ वर आलं नाही.

लिंतांगने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "बापाक, तिला काहीही झालेलं नाही. मी सगळं मोजलंय."

मित्रांनो, आम्हा जुन्या गाड्यांचं मागणं फार नसतं. पाणी बघा, तेल बदला, आम्हाला बाहेरून पुसाल तसं कधी आतूनही बघा. झिजलेलं काही असेल तर वेळेवर सांगा, आम्ही रुसत नाही. फक्त तुमच्या मनातली दुखणी आमच्या अंगावर घालू नका. आमची दुरुस्ती पान्याने होते. त्यांची होत नाही, आणि तेवढ्या काळात कुणीतरी दारात बसून वाट बघत असतं.

पर्योतोंनी डोकं वर केलं. डोळे पुसले, तेही माझ्याच फडक्याने.

"बुने, फोन दे," ते नेहमीच्या हाकेने वारसितींना म्हणाले.

"सिंबोकला लावू?"

"नको. कांगला."

कांग म्हणजे थोरला भाऊ. सहा वर्षांत हा शब्द माझ्या आत कुणी उच्चारला नव्हता. वारसितींनी नंबर लावला आणि फोन पुढे केला. तिकडे घंटी वाजत राहिली. मग कोंबड्यांचा आवाज आला, आणि त्यामागून एक जाड, सावध आवाज. "कोण?"

पर्योतोंनी एकदा श्वास घेतला.

"कांग, मी पर्योतो. निघतोय आत्ता. ईदपर्यंत थांबणार नाही, आल्या आल्या आधी तुझ्यापुढे बसणार आहे. घरीच थांब."