तिसरा पीळ

“अगं पोरी, लाडवांना दोरी कावून बांधलीस?” दूध सोसायटीचे चेअरमन भगवानराव म्हणाले आणि केजच्या शाळेतलं अख्खं विज्ञान प्रदर्शन खो खो हसलं.

अंजना कसली हटते! अकरावीत गेल्यापासून तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

“लाडू न्हाईत सर, हिस्टोन हायेत. प्रथिनं! आपल्या एकेका पेशीत डीएनएचा धागा दोन मीटर. अन् पेशी तर डोळ्याला दिसत बी न्हाई. नुसता कोंबला तर गुंता होईल का न्हाई? म्हणून आठ-आठ हिस्टोन गोळा होऊन बसतात, धागा त्यांच्याभोवती पावणेदोन वेढे घेतो अन् निघाला पुढच्या आठांकडं. मग त्या माळेची परत गुंडाळी. जिथला मजकूर लागंल तिथंच सोडायचा, वाचायचा, परत गुंडाळायचा!”

“लई भारी! अन् हा दोर कुठला?”

“आमच्या बैलाचं दावं. डीएनए दोन पदरी असतो ना, दाव्याला तीन पीळ होते, मग एक उसवून काढला. पडीकच होतं, सर. बैलच न्हाईत, तर दावं काय चाटायचंय?”

पुन्हा हशा. फक्त भगवानराव हसले नाहीत. ते दाराकडं बघत होते. दारात तिचे वडील उभे होते, शहादेव. धुतलेला सदरा, चपला हातात.

उन्हाळ्यात सोसायटीची चारा छावणी मोडली तेव्हा घाटनांदूरच्या व्यापाऱ्यानं जोडीतला उरलेला बैलही नेला. दाव्यासकट ओढायला लागला, तर शहादेवनं त्याचा हात धरला. “जनावर न्या. दावं न्हाई मिळायचं.” व्यापारीही जाणता, त्यानं मुकाट्यानं आपला दोर घातला. विकलेल्या बैलाचं दावं घरात राहिलं तर गोठ्यात परत जनावर येतं, हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अंजनालाही होतं. फक्त अडगळीतून दोर ओढताना तिच्या डोक्यात दोन पदरांशिवाय काहीच उरलं नव्हतं.

“शहादेवा,” चेअरमन हळूच म्हणाले, “दावं दिलंस व्हय रे?”

सगळ्यांच्या माना वळल्या. अंजनाचे कान तापले. आता बाप काय बोलतो!

“म्याच दिलं,” शहादेव म्हणाले. “म्हनलं, घे. कामाला तरी येईल.”

इतकं सरळ खोटं ते जन्मात कधी बोलले नसतील. अंजनाला वाटलं, टेबलाखाली शिरावं. पहिला नंबर तिलाच मिळाला. टाळ्या वाजल्या, तिनं मान वर केली नाही.

परतताना जीपमध्ये बाप-लेक मागच्या फळीवर बसले.

“काढलेला पीळ कुठाय?”

“चुलीत गेला, आण्णा. आईनं पेटवायला घेतला.” तिनं घाईनं पुढं जोडलं, “नवा वळता येईल ना? अंबाडी आणू...”

“अंबाडी भिजवून धागा काढायला डोह लागतो, बाई. लोकं प्यायच्या पान्याला टँकरमागं पळायलीत.” मग तिच्याकडं न बघता म्हणाले, “तू सांगितलंस ते बाकी झ्याक. समद्यांना कळलं.”

रागावले असते तर बरं झालं असतं. तिला रडताही येईना.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली तर गोठा झाडून लख्ख. गव्हाणीचे दगड एका कडेला रचलेले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर शहादेव तिची लोखंडी खाट ओढत होते.

“इथं बसत जा अभ्यासाला. घरात अंधार असतो. इकडं उजेड चांगला पडतो.”

“आण्णा, कशाला...”

“बस की!”

ती बसली. पुस्तक उघडलं. खाटेच्या पायाशी, खुंटे उपटलेल्या जागी, दोन ठिकाणची माती अजून ओली होती. त्यांनी ती टाचेनं दाबून सपाट केली आणि घागर घेऊन टँकरकडं निघून गेले.