लोटनभाऊंच्या हातातला माइक

मित्रांनो, माझी जाळी एका बाजूने चेपलेली आहे आणि बटण दोनदा दाबल्याशिवाय मी सुरू होत नाही. मी एक जुना, वायरचा माइक आहे. दिल्लीतल्या एका लहान कारखान्यात माझी जुळणी झाली. तिथून नंदुरबारच्या साउंडवाल्याकडे आलो आणि कळसाडीच्या लोटनभाऊंनी मला विकत घेतलं.

लोटनभाऊ सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कापसाची वजनं पुकारायचे. एकदा गावच्या कबड्डी स्पर्धेला ठरलेला निवेदक आलाच नाही. "लोटनले उभा करा, त्याना आवाज तापीपार जास!" असं कोणीतरी म्हणालं. त्यानंतरच त्यांनी मला घेतलं आणि पुढची पंधरा वर्षं शहादा, तळोदा, नवापूर, कुठेही कबड्डी असली की आम्ही दोघं मैदानाच्या कडेला असायचो. खेळाडूने चढाई केली की त्यांचा आवाज चढायचा आणि पकड झाली की लोक उठून उभे राहायचे. सामना संपला की ते मला रुमालाने पुसायचे, वायरची सैल वेटोळी करायचे आणि मगच चहा घ्यायचे.

सांगण्यासारखा दिवस विसरवाडीचा. मुलींचा अंतिम सामना होता. डोंगरातल्या काठी गावाचा संघ दोन गुणांनी मागे होता. प्रेक्षकांसाठी बांबू-फळ्यांची उंच गॅलरी बांधली होती आणि तिच्यावर मुंगीलाही जागा नव्हती. बोलता बोलता लोटनभाऊंची नजर तिकडे गेली. मधला खांब वाकत होता. दोरी सुटत चालली होती.

मी यंत्र आहे, मला भीती कळत नाही. पण माझ्याभोवतीचा तळवा एका क्षणात घामाने निथळला, एवढं मला कळलं. आवाज मात्र तसाच राहिला. त्यांनी पंचांना हाताने खूण केली. शिट्टी वाजली.

"काबरं थांबाडी मॅच?" आयोजक चुनीलालशेठ धावत आले.

लोटनभाऊंनी त्यांना गॅलरी दाखवली आणि माझ्यात बोलले, "मायबहिणीसहोन, भाऊसहोन, आठे मैदानवर बसाले जागा शे. जवळथून मॅच दखा. खालनी रांग पहिले उतरी. घाई नका करा, तुम्ही बसशात तवयच मॅच सुरू व्हई."

खालची रांग उतरली, पण वरच्या फळ्यांवरची डोंगरातून आलेली माणसं बसूनच राहिली. त्यांना ही अहिराणी बोली नीट कळत नव्हती. लोटनभाऊंनी मला काठीच्या प्रशिक्षकाच्या, गोवालच्या हातात दिलं. "तुन्ही भाषामा सांग. हासत सांग."

गोवालने त्यांच्या भिली भाषेत सांगितलं. तो हसत बोलला. बाया पोरांना कडेवर घेऊन एकेक करत उतरल्या. शेवटचा म्हातारा काठी टेकत खाली आला, चार पावलं चालला आणि मागे गॅलरी कडकडत कोसळली. खाली फक्त चपला सापडल्या.

 चुनीलालशेठांनी स्वतः पाण्याचा ग्लास भरून लोटनभाऊंना दिला. सामना पुन्हा सुरू झाला. काठीच्या मुली एका गुणाने हरल्या. पेपरात तेवढंच छापून आलं.

पुढे लोटनभाऊंच्या घशात गाठी झाल्या. डॉक्टरांनी मोठ्याने बोलणं कायमचं बंद करायला सांगितलं. आता स्पर्धांना नूतन नावाची मुलगी बिनवायरचा माइक घेऊन निवेदन करते. छान करते. मी एका पत्र्याच्या डब्यात असतो. पावसाळ्यात आत ओल येते आणि जाळी गंजते. परवा नूतन शिकायला घरी आली, तेव्हा लोटनभाऊंच्या बायकोने, सिंधुवहिनींनी, डबा उघडला. लोटनभाऊ तिला घोगऱ्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणाले, "पहिले माणसं दख. मंग खेळ. मंग बोल."

मित्रांनो, माइक हाती आला की टकटक करून, फुंकर मारून त्याला तपासू नका. वायर पिळू नका. काम झालं की पुसून कोरड्या जागी ठेवा. एवढं केलंत तर आम्ही पुष्कळ वर्षं टिकतो. गळ्याला मात्र आमच्यासारखी दुरुस्ती नसते. तुमच्यासाठी ओरडणाऱ्या माणसाला सामन्याच्या मध्ये पाणी नेऊन द्या.