तारघरातला मुलगा आणि घोड्याच्या केसांची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी काळी टोपी आहे. कोरियातल्या विद्वानांनी मिरवावी अशी. घोड्याच्या शेपटीचे केस आणि सुतासारखा चिरलेला बांबू विणून मला घडवलं. तो घोडा वाऱ्याच्या पुढे धावे आणि मग थांबून वाऱ्याची वाट पाही, असं कारागीर सांगे. कारागीर खोटं कशाला बोलेल?

आंदोंग गावच्या ह्वांग दोकसू पंडितांबरोबर मी राजधानीत तीनदा परीक्षेला गेले. ते तिन्ही वेळा नापास झाले. माझी मात्र तारीफ झाली. पावसात ते तेलकागदाचं झाकण माझ्यावर चढवत आणि स्वतः भिजत. पुढे माझ्यासारख्या रुंद कडांच्या टोप्या जुन्या ठरल्या. पंडितांनी अरुंद कडांची घेतली आणि मी पेटीत पडले. झुरळांनासुद्धा माझा आदर वाटेना.

मग तारायंत्र आलं. पंडितांचा एकुलता एक मुलगा मानह्यॉन तारघरात नोकरीला लागला आणि ज्यावर टोपी बसते तो डोक्यावरचा बुचडा कापून सुगीच्या पौर्णिमेला, पूर्वजांना नैवेद्य दाखवायच्या दिवशी, सकाळी घरी आला. आईबापांनी दिलेले केस कापणाऱ्याने पूर्वजांसमोर येऊ नये, असं म्हणून पंडितांनी त्याला अंगणातच थांबवलं. बुचडा नाही तर टोपी नाही, टोपी नाही तर नमस्कार नाही. पंडितांच्या मागे पूर्वजांना वाकणारं दुसरं कोणी नव्हतं.

आईने पेटी उघडली. मुलाच्या डोक्यावर सुताचा गुंडा ठेवला, वर मला बसवलं आणि हनुवटीखाली नाडी बांधली.

"पूर्वजांना फसवतेस?" पंडित म्हणाले.

"अहो, तीनदा नापास झालात ते त्यांना कधी सांगितलंत?"

पंडित खोकले आणि दारातून बाजूला सरकले.

मानह्यॉन पहिल्या नमस्काराला वाकला. गाठ सुटली, गुंडा नैवेद्याच्या चौरंगाखाली घरंगळला आणि मी थेट तांदळाच्या मोदकांवर आडवी झाले. त्याचं भादरलेलं डोकं सगळ्या पूर्वजांसमोर उघडं पडलं. तो उठून बाहेर निघाला.

पंडितांनी मला उचललं, कडेला चिकटलेले तीळ झटकले आणि हलकेच बाजूला ठेवलं.

"कुठे निघालास? दुसरा नमस्कार राहिलाय."

मुलगा उघड्या डोक्याने वाकला. पूर्वजांपैकी कोणी उठून गेल्याचं मला तरी दिसलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना कोरड्या जागी जपा, अधूनमधून झटका. आम्हाला ते आवडतं. पण आमच्यापायी घरच्या माणसाला अंगणात उभं करू नका. मी आडवी पडूनही टोपीच राहिले. मानह्यॉन तसाच माघारी गेला असता, तर या घरचा मुलगा राहिला असता का?