गळ्यावरची खूण

"कॉक हळू फिरव हं," हौदाच्या काठावर बसून मास्तरांनी मला बजावलं. "आणि मी खूण केली की जादा नळी लगेच द्यायची. लगेच म्हणजे लगेच."

"माहितीये," म्हणत मी चष्मा डोळ्यांवर ओढला.

मत्स्यालयातल्या मोठ्या हौदाच्या काचा आतून घासायच्या, हे आमचं काम. पाण्यात एकट्यानं उतरायचं नाही, जोडीनंच. आणि दर महिन्याला जोडीनं संकटाचा सराव करायचा. एकानं दुसऱ्याच्या सिलिंडरचा कॉक बंद करायचा. हवा तुटली की त्यानं गळ्यावरून आडवा हात फिरवायचा, आणि जोडीदारानं आपली जादा नळी त्याच्या तोंडाशी धरायची. एवढंच.

माझा दादा मास्तरांचाच जोडीदार होता. एकदा त्याची हवा खरोखर तुटली. श्वास कोंडून तो वर धावला, फुप्फुस फाटलं, हवेचा बुडबुडा मेंदूत शिरला आणि अर्धं अंग कायमचं गेलं. "त्यानं खूणच केली नाही, घाबरून पळाला," असं मास्तर चौकशीत म्हणाले. सगळ्यांना पटलं. माझ्या जिवाला लागलं ते हे, की दादालाही पटलं. "मीच विसरलो असेन गं," असं तो जेवता जेवता मध्येच म्हणायचा.

म्हणून मी साहेबांकडे मास्तरांची जोडी मागून घेतली. "मन मोठं आहे तुझं," साहेब म्हणाले. माझ्या मनात काय शिजतंय ते कळलं असतं, तर त्यांनी मला हौदाच्या आसपास फिरकू दिलं नसतं.

तळाशी गेल्यावर मी कॉक बंद केला. मास्तरांनी उरलीसुरली हवा ओढली आणि गळ्यावरून हात फिरवला. मी नुसती बघत राहिले. जादा नळी माझ्या एका मुठीत होती, दुसऱ्या मुठीत त्यांचा पट्टा. वर पळायची सोयच नव्हती. त्यांनी पुन्हा हात फिरवला, घाईघाईनं. काचेपलीकडून कुणीतरी बाई आम्हाला टाटा करत होती. मास्तरांचे डोळे फाटले. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

मग मी नळी दिली. मेलेले मास्तर माझ्या काय कामाचे? मला बोलणारे हवे होते.

"डोकं फिरलंय का तुझं?" वर आल्यावर ते खोकत ओरडले. "खूण दिसली नाही?"

"दिसली. तुम्हाला दादाची दिसली होती?"

त्यांनी पाठीवरचा सिलिंडर उतरवून ठेवला. "दिसली होती. माझीच हवा संपत आली होती गं. दोघांना पुरणार नाही असं वाटलं."

"मला नका सांगू. घरी चला, त्याला सांगा."

"साहेबांना सांगतो. नोकरी गेली तरी चालेल. घरी नको."

"घरीच. नाहीतर पुढच्या महिन्यात सराव आहेच."

ते ओल्या केसांनीच आले. दादाच्या खुर्चीसमोर मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं. आता दादा शिव्या घालेल, थुंकेल, म्हणून मी आसुसून उभी होते.

"म्हणजे मी खूण केली होती?" दादानं विचारलं.

"हो. दोनदा."

"ऐकलंस?" दादा माझ्याकडे वळला. चेहऱ्याची हलणारी बाजू हसत होती. "दोनदा. विसरलो नव्हतो मी."

मास्तर उभ्या उभ्या रडायला लागले.

"अगं, त्यांना बसायला दे," दादा म्हणाला. "पाणी तरी विचार."

मी दादाच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. पाणी काही विचारलं नाही.