झाकण उघडू नये

मित्रांनो, मी एक जुनी उबवणी पेटी आहे, आणि मी रागावलेली आहे. म्हातारपणी एवढा राग बरा नव्हे, असं लोक म्हणतात. तसं म्हणणाऱ्यांच्या पोटात कधी पिल्लं मेली नसतील. माझ्या पोटात मेली आहेत, आणि त्याच वेळी माझ्या शेजारी उभी राहून माणसं टाळ्या वाजवत होती. म्हणून मी माझी गोष्ट सांगणार आहे, पण ती गोड करून सांगणार नाही.

माझा जन्म एका मोडक्या कपाटातून झाला. सुतारकाकांनी त्याच्या फळ्या तासल्या, दुहेरी भिंती केल्या आणि मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा ठासून भरला. आत पत्रा ठोकला, जाळी बसवली, जाळीखाली पाण्याची थाळी आणि वर दिवे. ऊब वाढली की दिवे आपोआप विझवणारा एक लहानसा खटका लावला. पुढे काच आणि वर बिजागरीचं झाकण. काम संपल्यावर सुतारकाका मागे सरकून बघत म्हणाले, "आजवर पुष्कळ कपाटं केली. पण दिवस जाणारं कपाट हे पहिलंच." शेजारी उभे असलेले मास्तर पोट धरून हसले.

हे मास्तर म्हणजे कोंबडीमास्तर. मुलांनीच त्यांना हे नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना आवडायचं. आमचं केंद्र म्हणजे एक लांबलचक खोली आणि तिच्यामागे भाजीचे वाफे. सकाळी शेतकरी यायचे. माती कशी जपावी, बी कसं राखावं हे शिकायचे. दुपारी आया यायच्या. एका टोकाला चूल होती, तिथे रोजच्याच भाजीधान्यातून पोराबाळांना काय करून घालावं ते शिकायच्या. नर्सबाई तान्ह्यांचं वजन करायच्या. संध्याकाळी शाळा सुटली की मुलांचा गट यायचा. तो माझा गट. भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'घरची भाजी, घरचे अंडे, घर निरोगी.' त्या भिंतीला टेकूनच मी उभी असे.

माझी ती वर्षं फार चांगली गेली. मुलं घरून अंडी आणायची, पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढायची, म्हणजे अंडं फिरवलं की नाही ते कळावं. मास्तर अंधार करून एकेक अंडं दिव्यावर धरायचे. आत लाल रेषांचं कोळ्याचं जाळं दिसलं की मुलांचे श्वास थांबायचे. दांडगट पोरंसुद्धा माझ्याजवळ आली की दबक्या आवाजात बोलायची. एकवीस दिवसांनी पिल्लं बाहेर पडायची, आणि ज्याची अंडी त्याची पिल्लं.

मास्तरांनी दोन गोष्टी त्यांच्या हाडात मुरवल्या होत्या. पहिली म्हणजे, शेवटचे तीन दिवस झाकण उघडायचं नाही. कवचाच्या आत एक पातळ पापुद्रा असतो. पेटीतली वाफ निघून गेली की तो सुकतो आणि पिल्लाच्या अंगाला चिकटून बसतो. मग पिल्लू आतल्या आत जखडतं, चोच मारू शकत नाही आणि गुदमरतं. "तुमची आजी आली तरी उघडायचं नाही. माझी आजी आली तरी नाही," असं ते सांगायचे. शेवटचे तीन दिवस माझ्या काचेवर त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद चिकटवलेला असायचा : झाकण उघडू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे, जी अंडी फुटली नाहीत ती फेकायची नाहीत. सगळ्यांनी मिळून बसायचं आणि ती फोडून बघायची. पिल्लू कधी गेलं, का गेलं, ते शोधायचं आणि ज्याची चूक त्याने ती स्वतःच्या तोंडाने सांगायची. बेकरीवाल्याचा मुलगा एकदा मान खाली घालून म्हणाला होता, पाणी भरायला मी विसरलो. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. चूक कळली की धडा झाला, असं ते म्हणाले होते. मित्रांनो, या माणसाचा मला अभिमान होता. माझा आजचा राग एवढा मोठा आहे तो त्यामुळेच. परक्याने घाव घातला असता तर मी केव्हाच विसरले असते.

गटात एक मुलगी होती. तिला सगळे ठिपकी म्हणायचे, कारण तिच्या आईच्या कोंबड्या ठिपक्यांच्या होत्या. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, बुटक्या आणि अतिशय भांडखोर. उन्हाच्या तडाख्यात इतरांच्या कोंबड्या माना टाकायच्या, या मात्र अंडी द्यायच्या. ठिपकीच्या आजीने नवी सून घरात आली तेव्हा तिच्या हाती दुसरं काही न देता याच कोंबड्या दिल्या होत्या. आईने त्या वाढवल्या, त्यांच्या अंड्यांवर घर उभं केलं. तशा कोंबड्या आसपास कुणाकडेही उरल्या नव्हत्या. बाकी सगळ्यांनी केव्हाच बाजारच्या पांढऱ्या कोंबड्या घेतल्या होत्या.

एका रात्रीत मोकाट कुत्र्यांनी खुराड्याची जाळी उचकटली आणि एकही कोंबडी शिल्लक ठेवली नाही. कोंबडाही गेला. राहिली ती त्या आठवड्यात विकायला म्हणून बाजूला ठेवलेली टोपलीभर अंडी. ठिपकीच्या वडिलांनी सहज विचारलं की आज यांचंच कालवण करायचं का, तर आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते मुकाट्याने बाहेर जाऊन बसले. अंडी उबवायला बसेल अशी खुडूक कोंबडी एकाही शेजारणीकडे नव्हती. तेव्हा ठिपकी टोपली पोटाशी धरून, पाय न आपटता चालत केंद्रात आली. मागे आई होती.

आईने मास्तरांना एवढंच सांगितलं, "मास्तर, एवढंच उरलंय. यातून आलं तर आलं, नाहीतर सासूबाईंची खूण संपली."

मास्तर म्हणाले, काळजी करू नका वहिनी, माझी जबाबदारी.

ती अंडी मी जशी जपली तशी कुणाची जपली नाही. ठिपकी सकाळी शाळेआधी, मधल्या सुट्टीत आणि दिवेलागणीला यायची, हात धुऊन अंडी फिरवायची. दिव्यावर धरल्यावर बहुतेक सगळ्यांत जाळं दिसलं. शेवटचे तीन दिवस सुरू झाले, कागद चिकटला. मग आतून टकटक ऐकू येऊ लागली. काचेवर वाफ धरली. दोन पिल्लं बाहेर पडून ओल्या अंगाने जाळीवर लोळत होती, आणि इतर अंड्यांना बारीक तडे जायला लागले होते.

नेमके त्याच दिवशी मोठे साहेब आले. केंद्र चालवायचं की बंद करायचं, हे त्यांच्या हातात होतं. ते उद्या येणार होते, ते आज आले. सगळ्यांची पळापळ झाली. कुणीतरी चूल पुसली, कुणीतरी तान्ह्यांना झोपेतून उठवून वजनकाट्यावर बसवलं आणि ती रडायला लागली. साहेबांना उकडत होतं म्हणून छताचा पंखा पूर्ण वेगात सोडला. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी फक्त विचारलं, पिल्लं कुठे आहेत.

बरोबरचा फोटोवाला माझ्यासमोर वाकला. काचेवर वाफ आहे, आणि काचेत माझंच तोंड दिसतंय, असं तो कुरकुरला. शिवाय मध्ये हा कागद. त्याने नखाने तो कागद खरवडून काढला. मास्तरांनी पाहिलं. मला वाटलं, आता ते बोलतील.

ते झाकणाजवळ आले. ठिपकीने झाकणावर हात ठेवला होता.

"मास्तर, तुम्हीच सांगितलंय," ती म्हणाली.

"अगं, एक मिनिट. पाहुणे काय रोज येतात? सरक."

ती सरकली नाही. तेव्हा मास्तरांनी तिचं मनगट धरून तिला बाजूला केलं, हसत हसत, पाहुण्यांच्या देखत करतात तसं. आणि झाकण उघडलं.

ते एक मिनिट नव्हतं. आधी साहेबांचा फोटो झाला, मग उजेड कमी पडला म्हणून पुन्हा झाला. मग साहेबांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं. मग त्यांनी तडकलेलं अंडं कानाशी धरलं आणि सगळ्यांना सांगितलं की आतून आवाज येतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मास्तर आणि साहेब, मग मास्तर आणि मुलं. माझी वाफ पंख्याच्या वाऱ्यावर कधीच उडून गेली होती. माझे दिवे जिवाच्या आकांताने जळत होते, पण ते खोली तापवत होते. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. येत असतं तर त्या दिवशी मी सगळ्या शिव्या घातल्या असत्या.

साहेब गेल्यावर मास्तरांनी घाईघाईने थाळीत गरम पाणी ओतलं, ओली फडकी कोंबली. म्हणजे त्यांना माहीत होतं. माझा राग इथेच येऊन थांबतो आणि पुढे सरकत नाही. ज्याला माहीत नाही त्याची मला कीव येते. यांना माहीत होतं.

टकटक मंदावली, मग थांबली. ती दोन पिल्लं जगली, बाकीची आतच राहिली.

ठिपकीची आई आली तेव्हा मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "होतं असं कधीकधी, वहिनी. अंडी जरा जुनी होती बहुतेक. आणताना हिसकेही बसले असतील."

आयुष्यभर अंडी विकणाऱ्या बाईला तिची अंडी शिळी म्हणणं म्हणजे काय, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिने ठिपकीकडे पाहिलं, जणू मुलीनेच वाटेत टोपली आपटली असावी. मास्तरांच्या विरुद्ध बोलायचं, तेही आईसमोर, हे ठिपकीला जमलं नाही. मास्तरांनी न फुटलेली अंडी बादलीत भरून खतखड्ड्यात टाकून दिली.

मी म्हटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गट गोल करून बसला असताना ठिपकी दारातून आत आली. हातात तीच बादली, कोपरापर्यंत खत. ती अंडी तिने एकेक करून वेचून काढली होती. मागे तिची आई उभी होती. आईला तिने घरी काय सांगितलं ते मला माहीत नाही.

ठिपकीने बादली मास्तरांच्या पुढ्यात ठेवली. "मास्तर, धडा राहिला."

मास्तर म्हणाले, आता ती नासली असतील, वास मारतील, उद्या बघू. कुणी उठलं नाही. शेवटी त्यांनी पहिलं अंडं घेतलं आणि फोडलं. आत पुरतं वाढलेलं पिल्लू होतं. ठिपकेसुद्धा कळत होते. चोच कवचाच्या तड्याशी टेकलेली, आणि सुकलेला पापुद्रा मानेभोवती फास बसावा तसा आवळलेला. दुसरं तसंच, तिसरंही तसंच. नर्सबाई आपलं काम टाकून येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मास्तरांनी सवयीने विचारलं, "काय चुकलं, सांगा?"

मुलं आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. बेकरीवाल्याच्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

ठिपकीची आई म्हणाली, "पोरांना कशाला विचारता, मास्तर? पोरांनी उघडलं का?"

पंखा बंद होता. मास्तरांनी हातातलं कवच खाली ठेवलं. मग मास्तर म्हणाले, "झाकण मी उघडलं. अंडी चांगली होती, वहिनी. अंड्यांचा काही दोष नव्हता."

कुणीही त्यांच्या पाठीवर थाप मारली नाही. आईने पदराने ठिपकीचे हात पुसले आणि तिला घेऊन ती घरी गेली.

तुम्हाला वाटेल, मग सगळं नीट झालं. नाही झालं. ती दोन पिल्लं मोठी झाली आणि दोन्ही कोंबडे निघाले. देखणे, भांडखोर, ठिपक्यांचे कोंबडे. मास्तर सुट्टीच्या दिवशी सायकलवरून गावोगाव तशी कोंबडी शोधत फिरले, वर्षभर फिरले. कुठेच मिळाली नाही. आईने शेवटी बाजारच्या पांढऱ्या कोंबड्या घेतल्या, कारण घर चालायला हवं. केंद्रातल्या वर्गाला ती पुन्हा आली नाही. मास्तर रस्त्यात भेटले तर ती त्यांना ओळख दाखवते, तेवढंच.

आणि तो फोटो? तो मोठा करून चौकटीत घालून माझ्याच डोक्यावर टांगला आहे. साहेबांच्या हातात पिल्लू आहे, मास्तर हसताहेत. एकटी ठिपकी हसत नाही. येणारे जाणारे म्हणतात, किती छान उपक्रम. त्या वर्षीच्या अहवालात मी यशस्वी आहे.

बदललं ते एवढंच. मुलांनी सुतारकाकांना बोलावून माझ्या झाकणाला कडी आणि कुलूप लावून घेतलं. शेवटच्या तीन दिवसांत किल्ली गटातल्या मुलाकडे राहील, मास्तरांकडे नाही, असं मुलांनी ठरवलं आणि मास्तरांनी मान डोलावली.

यंदा पुन्हा पाहुणे आले. नवे साहेब, नवा फोटोवाला, काचेवर तशीच वाफ. किल्ली ठिपकीच्या गळ्यात होती. ती आता उंच झाली आहे. पाहुण्यांनी मास्तरांना हसून विचारलं, जरा उघडता का. मास्तरांचा चेहरा उतरला, पण ते म्हणाले, "किल्ली माझ्याकडे नाही साहेब. तिच्याकडे आहे, आणि ती देणार नाही."

साहेबांनी काचेतून डोकावून पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी चहा घेतला, वाफ्यातले टोमॅटो पाहिले आणि ते निघून गेले. केंद्र बंद पडलं नाही. कुणाची नोकरी गेली नाही. मित्रांनो, हे पाहिल्यापासून माझा राग दुप्पट झाला आहे. एवढंच करायचं होतं. एवढं सोपं होतं.

म्हणून मी तुम्हाला हात जोडून नाही, खडसावून सांगते. तुम्ही उद्या मोठे व्हाल. शेतं, मुलं, जनावरं, पेट्या तुमच्या हाती येतील. मोठी माणसं दाखवा म्हणतील. त्यांना बसायला खुर्ची द्या, थंड पाणी द्या, चार गोष्टी सांगा. पाहुण्यांना थांबता येतं. कवचाला चोच लावून बसलेल्या पिल्लाला थांबता येत नाही.