दोरी ओढणारा म्हातारा

अंगावर गोंदवून घेतात ते एकतर खलाशी, नाहीतर तुरुंगातून सुटलेले, असं म्हातारा मॅलकी जन्मभर सांगत आला. चौथ्या मुलीने, गोबनेटने, त्यांच्या आयरिश गावात गोंदणाचं दुकान काढलं, तर अकरा वर्षं त्याने तिथली पायरी चढली नाही. मग चर्चची सहल डब्लिनला गेली आणि काचेखाली त्याने जुन्या ख्रिस्ती भिक्षूंनी हाताने लिहिलेली सोनेरी पोथी पाहिली. गाठीत गाठ, अक्षराच्या पोटात मांजर, गावातल्या पोरांच्या दंडांवर दिसायची तशीच.

"अहो फादर, ही तर आमच्या गोबनेटची नक्षी!" तो तिथेच ओरडला.

मंगळवारी सकाळी स्वारी बाही सारून दुकानात हजर.

"रविवारी सत्तरी माझी. सगळ्या पोरी येणार. सगळ्यांची नावं काढ, त्या पोथीसारखी."

"सांगा, डॅडी."

"नोरीन, अट्रॅक्टा, फिलोमिना, कार्मेल, बर्नी." आणि म्हाताऱ्याने डोळे मिटले.

गोबनेट सुई धरून थांबली. घरी हाक मारतानासुद्धा तो आधी पाचही बहिणी, मग मेलेली कुत्री, असं करत तिच्यापर्यंत पोचायचा. आज पोचलाच नाही. बाकीच्या बॉस्टन, सिडनीला. दर रविवारी त्याला चर्चला नेणारी हीच. तिला फार लागलं. पण मागून घेतलेलं नाव तिला नको होतं. तिने मुकाट्याने पाच नावं गोंदली, भोवती गाठींची चौकट बंद केली.

म्हाताऱ्याने आरशासमोर नावं बोटांवर मोजली. पाच. पोरी तर सहा.

"एक कोण गं राहिली? ब्रिजी?"

"ब्रिजी कुत्री होती, डॅडी."

"मग कोण..." त्याने मान वर केली आणि आ वासला. काखेत कळसा नि गावाला वळसा! "अगं, तू समोरच होतीस की!"

"भिक्षू चुकले की पोथीचं पान, म्हणजे वासराचं कातडं, चाकूने खरवडायचे. तुमचं खरवडू?"

"खरवड," म्हणत त्याने हात पुढे केला. थट्टा नव्हती ती. गोबनेट हात धुवायच्या निमित्ताने नळाशी गेली आणि तिथे थोडी रडली.

भिंतीवर तिने एका जुन्या पोथीच्या पानाचं चित्र लावलं होतं. लिहिणाऱ्याकडून एक ओळ राहून गेली, म्हणून त्याने ती तळाशी लिहिली आणि समासात एक माणूस काढला, दोरीने ती ओळ वर ओढणारा. गोबनेटने तेच केलं. मनगटावर स्वतःचं नाव, नावाला दोरी, आणि वर, फिलोमिनाच्या शेजारी, चौथ्या नावाच्या जागेपाशी, दोरी खेचणारा टकलू. कान सुपाएवढे, जीभ बाहेर.

"हा मेला माझ्यासारखा दिसतो!"

"दिसणारच."

रविवारी पाचही बहिणी त्या हाताभोवती जमल्या.

"आमची नुसती नावं, आणि हिला वर माणूस?" अट्रॅक्टा फणकारली. गोबनेटचा कुणाला हेवा वाटावा, हे त्या घरात प्रथमच घडत होतं.

"तुमच्या वेळी मी नुसता बसून होतो," म्हातारा म्हणाला. "हिच्या नावाला राबावं लागलं." मग केककडे वळून त्याने पहिल्याच दमात हाक मारली, "गोबनेट, सुरी आण गं."