थरथरत्या गालाची आजी

मित्रांनो, मी एक जुनी मेणमातीची आजी आहे. उंची वीतभर, पोटात तारेचा सांगाडा, नाक जरा बसकं. एका अरुंद स्टुडिओत, बाहुल्यांचे चित्रपट करणाऱ्या एका ताईने मला घडवलं. ती मला केसभर हलवायची, कॅमेऱ्यामागचा तिचा धाकटा भाऊ चित्र टिपायचा. पुन्हा केसभर, पुन्हा चित्र. ती सगळी चित्रं भरभर पळाली की मी चक्क चालायला लागायची! पडद्यावर स्वतःला पहिल्यांदा चालताना पाहिलं, तेव्हा मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

गोष्ट साधीच. रस्त्यात सापडलेला एक इवलासा बूट घेऊन मी त्याच्या धन्याला शोधत घरोघरी फिरते आणि बघता बघता सगळी गल्ली माझ्यामागे निघते. हा चित्रपट परदेशातल्या महोत्सवात जायचा होता. आमच्या देशाचं नाव काढलं की तिकडच्यांना बातम्यांतल्या बंदुकाच आठवत. ताईला त्यांना आमची माणसं दाखवायची होती.

पण दिव्यांच्या धगीने माझा गाल ओघळू लागला. प्रत्येक चित्राआधी ताई तो अंगठ्याने वर दाबायची आणि दर वेळी तो जरा वेगळाच बसायचा. शेवटी पडद्यावर पाहतात तो काय, गाल सारखा थरथरतोय! पुन्हा सगळं टिपायला वेळ उरला नव्हता.

भाऊ म्हणाला, "ताई, हसं होईल गं. आपलं होऊ दे, पण देशाचं?"

"आत्ता तरी कुठे गोडवे गातायत?" ताई म्हणाली. "हसतील तर हसू देत. निदान बघतील तरी."

मला कापसात गुंडाळून ती विमानाने निघाली. तिकडच्या अधिकाऱ्याने पासपोर्टावरचं देशाचं नाव वाचलं, कपाळाला आठी घातली आणि माझ्या पोटात बोट खुपसलं. आत तार लागली! त्याला बॉम्बच वाटला असणार. ताईचा जीव टांगणीला. "आजी आहे हो ती," एवढंच ती कशीबशी बोलली. त्याने माझं बसकं नाक निरखलं आणि आम्हाला जाऊ दिलं.

सभागृह गच्च भरलं होतं. माझा गाल थरथरला, पण कुणी हसलं नाही. दिवे लागल्यावर पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीने काहीतरी विचारलं. दुभाष्याने सांगितलं, "ती म्हणतेय, आजीच्या गालाला सारखा हात कोण लावतंय?"

ताई गडबडली. "मीच," ती हळूच म्हणाली. "तिला सांभाळायला."

चिमुरडीने आईची बाही ओढली. "आई, आपण या आजीच्या देशात कधी जायचं?"

मित्रांनो, त्यानंतरच्या टाळ्यांनी माझ्या पोटातली तारसुद्धा थरारली!

आता मी कपाटात असते. एक कान गळालाय, अंगावर धूळ आहे. तुम्हीही आपल्या माणसांच्या गोष्टी मातीत, रंगांत, सुरांत घडवा. दूरचे लोक आपल्याला त्यांतूनच ओळखतात. आणि त्या पोचवून थकलेली एखादी बाहुली दिसली, तर तिला हलक्या हाताने पुसा. आमचा जीव मेणाचा असतो.